वहिनी प्रोसेसर झाली

माझी वहिनी निपाणीची. निपाणीची माणसं तिखट बोलतात असं आमच्या कंग्राळीत म्हणतात. कंग्राळीच्या माणसांबद्दल निपाणीत काय म्हणतात, हे लग्नाला नऊ वर्षं होऊनही वहिनीनं मला सांगितलेलं नाही. पण भाकरी थापता थापता ती कधीकधी माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसते, त्यावरून अंदाज येतो. मी तिची धाकटी नणंद. बेळगावातल्या एका डिप्लोमा कॉलेजात मायक्रोप्रोसेसर हा विषय शिकवते, म्हणजे दिवसाचे पाच तास बोलते आणि उरलेलं घरी येऊन बोलते. वहिनी चेष्टेत असली की मला 'वन्सं' म्हणते आणि रागात असली की 'म्याडम'.

एका रविवारी सकाळी तिनं आपला फोन माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला.

"ह्ये वाचा, म्याडम."

मी वाचलं. जुन्या अभ्यासक्रमाचे पेपर ज्यांचे राहून गेले आहेत, त्यांना परीक्षा मंडळानं एक शेवटची संधी दिली होती. त्यानंतर तो अभ्यासक्रम बंद आणि अर्धवट राहिलेला डिप्लोमा कायमचा अर्धवट. वहिनीचा एकच पेपर राहिला होता. विषय कुठला, तर मायक्रोप्रोसेसर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माळ्यावर काय काय पडलंय हे घरातल्या माणसाला जसं माहीत असतं, तसं माहीत होतं. वहिनी शेवटच्या वर्षाला असताना आमची माणसं निपाणीला जाऊन तिला बघून आली, स्थळ दोन्हीकडून पसंत पडलं आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस लग्न झालं. अंगाची हळद उतरायच्या आत तिनं पेपर दिला आणि नापास झाली. दुसऱ्यांदा दिला तेव्हा माझी भाची पोटात होती, आणि प्रॅक्टिकलच्या हॉलमधून ती दोनदा उलटी करायला बाहेर गेली होती. मग पेपर राहिला तो राहिलाच. आता पिरनवाडीच्या बाजूला एका लहान कारखान्यात, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करण्याच्या कामावर तिच्या ओळखीची एक बाई सुपरवायझर होती. "डिप्लोमाचा कागद आण आणि दुसऱ्या दिवशी कामावर ये," असं त्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. पास झाली तर नोकरी. नापास झाली तर आजवर पास केलेले सगळे पेपर पुरणाच्या पातेल्याखाली घालायला मोकळे.

"दीड महिना हाय," वहिनी म्हणाली. "शिकवणार का, का तुमची फी लई हाय?"

मी म्हटलं, त्यात काय एवढं, हा तर माझा हातखंडा विषय. हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कधी उच्चारणार नाही.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, कॅल्क्युलेटरवर पाच अधिक तीन बरोबर दाबलं की आठ येतात. मधल्या वेळात आत काय होतं? वहिनीनं डोळे मिटले आणि आरती म्हणावी तसं सुरू केलं, "प्रोग्रॅम काउंटर होल्ड्स द अ‍ॅड्रेस ऑफ द नेक्स्ट इन्स्ट्रक्शन..." सगळं पाठ होतं. नऊ वर्षांपूर्वीचं पाठांतर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, हे पुस्तकातलं झालं, आता तुझ्या शब्दांत सांग.

"माझ्या शब्दांत आलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलते?"

मग मी कॉलेजात शिकवते तसं शिकवायला घेतलं. भाचीच्या फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांतून बाण काढले, बाणांवर नावं लिहिली. वहिनी शांतपणे बघत होती. तासाभरानं मी विचारलं, समजलं का? ती म्हणाली, "चौकोन समजले." दुसऱ्या दिवशी मी आणखी चौकोन काढले. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला, कारण माझा आवाज चढायला फार काही लागत नाही. मी म्हटलं, एवढी साधी गोष्ट डोक्यात कशी शिरत नाही तुझ्या? वहिनीनं हातातली पळी ओट्यावर ठेवली.

"तुझी पोरं पास कशी हुत्यात गं?"

उत्तर मला ठाऊक होतं. माझी पोरं पाठ करून पास होतात, आणि मी पेपर तपासताना तेच पाठ केलेलं बघून मार्क देते. हे मी तिला सांगितलं नाही. भांडण तिथंच थांबलं, कारण दूध उतू गेलं.

तोडगा वहिनीनंच काढला. तिची ट्रंक उघडून तिनं डिप्लोमाच्या वेळचा स्वतःचा कॅल्क्युलेटर आणला आणि दादाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं तो माझ्यासमोर उघडला. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर बारीक रेघा, आणि मधोमध एक काळा ठिपका. प्रोसेसर त्या काळ्या चिकट लेपाच्या खाली बसलेला असतो.

"ह्यो तर डांबराचा थेंब हाय," वहिनी म्हणाली. "ह्यात मी काय बघू? मला हातात धराय येईल असं कायतरी दे. मीच आत बसते आणि बघते."

म्हणून वहिनीला प्रोसेसर करायचं ठरलं.

प्रोसेसरला मेमरी लागते. मेमरी म्हणजे ओळीनं मांडलेली, नंबर घातलेली सारखी घरं. आमच्या स्वयंपाकघरात एकासारखा एक डबा नाही. त्यामुळे शेजारच्या काकूंनी लेकीच्या रुखवतासाठी आणून ठेवलेले बारा नवेकोरे स्टीलचे डबे मी मागून आणले. काकूंनी ते देताना तीनदा विचारलं, की पोचा येणार नाही ना. मी डब्यांवर खडूनं एक ते बारा नंबर घातले आणि सोप्यात भिंतीकडेनं ओळीत मांडले. वहिनीपुढे एक ताट आणि एक वाटी ठेवली. ताट म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. चाललेला हिशेब प्रोसेसर ज्या जागी धरून ठेवतो ती जागा. वाटी म्हणजे बी रजिस्टर, हाताशी असलेली दुसरी छोटी जागा. आकडे म्हणून भाजलेले शेंगदाणे घ्यायचे ठरले.

प्रोग्रॅम काउंटर कोण होणार हा प्रश्नच नव्हता. आमचे अण्णा बसवर कंडक्टर होते. तीस वर्षं त्यांनी पुढचा थांबा कुठला एवढीच एक गोष्ट ध्यानात ठेवली, आणि निवृत्तीनंतर ते ज्ञान वापरायला जागा नसल्यामुळे ते आईला 'पुढं सरका' म्हणत घरात फिरायचे. मी त्यांच्या हातात पाटी दिली. पाटीवर, आता उघडायच्या डब्याचा नंबर. वहिनीनं तो डबा उघडला रे उघडला, की आत काय आहे हे न बघता अण्णांनी नंबर पुसून एकानं वाढवायचा.

"आतलं काम हुयाच्या आधीच पुढला नंबर?" अण्णांनी विचारलं.

"होय."

"म्हंजे ह्या थांब्यावरची माणसं चढत असत्यात तवाच पुढल्याचं नाव पुकारायचं. आमी तेच करत हुतो की."

दीड महिन्यातलं माझं शिकवणं कुणालातरी पहिल्या झटक्यात समजलं, ते अण्णांना. प्रत्येक डब्याच्या वेळी ते "रैट!" म्हणणार होते, ते आमचं घड्याळ. खऱ्या प्रोसेसरमध्ये एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला लाखो वेळा 'रैट' म्हणत असतो. आमच्याकडे अण्णा तंबाखू मळून झाली की म्हणायचे.

वहिनीला मी एकच नियम घालून दिला, आणि तो फारच ठासून सांगितला. प्रोसेसरला अक्कल नसते. डब्यात जे सापडेल ते त्यानं करायचं. का, कशाला, असं कसं, हे विचारायचं नाही. आपल्या मनानं काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही.

"म्हंजे नवी सून," वहिनी म्हणाली.

आई आतून खाकरली. मी घाईघाईनं चिठ्ठ्या भरायला घेतल्या. पहिल्या डब्यात चिठ्ठी: 'पुढच्या डब्यातलं ताटात घे.' दुसऱ्यात पाच शेंगदाणे. तिसऱ्यात: 'पुढच्या डब्यातलं वाटीत घे.' चौथ्यात तीन शेंगदाणे. पाचव्यात: 'वाटीतलं ताटात मिळव.' सहाव्यात: 'ताटातलं उचल आणि पुढच्या डब्यात जो नंबर आहे त्या डब्यात ठेव.' सातव्यात नुसता नंबर, बारा. म्हणजे उत्तर बाराव्या डब्यात जाऊन बसणार. असेंब्ली भाषेत हेच असतं, फक्त इतकं पाल्हाळ नसतं. दोन-तीन अक्षरं आणि एक आकडा. एवढं सकाळी करून मी कॉलेजला गेले, आणि संध्याकाळी आल्या आल्या खेळ सुरू झाला.

"रैट!" अण्णा म्हणाले.

वहिनी उठली, एक नंबरचा डबा उघडला, चिठ्ठी वाचली. अण्णांनी पाटी पुसून दोन लिहिले. वहिनीनं दुसरा डबा उघडून पाच शेंगदाणे ताटात ओतले. अण्णांनी तीन लिहिले. आई दाराशी येऊन उभी राहिली. पाचव्या डब्यानंतर ताटात आठ शेंगदाणे जमले तेव्हा आईला राहवलं नाही.

"ह्येच का ते? हे तर मी बसल्या जागी केलं असतं."

"आत्याबाई, मशीनला बसल्या जागी येत न्हाय म्हणून तर," वहिनी म्हणाली. ती आता रंगात आली होती. तिनं सहावा डबा उघडला, सातवा उघडला, आठ शेंगदाणे मोजून बाराव्या डब्यात ठेवले आणि झाकण लावलं. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "रैट!"

पाटीवर आठ होते. वहिनीनं आठवा डबा उघडला.

आठव्या डब्यात मी 'थांब' ही चिठ्ठी घालायला हवी होती. पाच वर्षं मी पोरांना शिकवते आहे, की प्रोग्रॅमच्या शेवटी थांबण्याची आज्ञा लिहायला विसरू नका, आणि विसरलेल्यांचे दोन मार्क न चुकता कापते. मी विसरले होते. पण डबा रिकामा असेल, वहिनी माझ्याकडे बघेल आणि मी सावरून घेईन, असं मला वाटलं. डबा रिकामा नव्हता. वहिनीनं आत बघितलं, क्षणभर विचार केला, मग प्रोसेसरला विचार करायची परवानगी नाही हे तिला आठवलं असावं. तिनं डबा तोंडाशी नेला आणि आत जे होतं ते खाऊन टाकलं.

"काय होतं?" मी ओरडले.

"साखर."

"रैट!" अण्णा म्हणाले. नववा डबा. त्यातही चिमूटभर साखर. वहिनीनं खाल्ली. "रैट!" दहावा डबा. त्यात गुळाचा खडा. खाल्ला. मी "थांबा, थांबा" म्हणत होते, पण चालत्या गाडीत कुणी ओरडलं म्हणून अण्णा कधी थांबलेले नाहीत. अकराव्यात चार दाणे तांदूळ होते. वहिनीनं तेही तोंडात टाकले, कच्चे. "रैट!" बारावा डबा. वहिनीनं झाकण काढलं, तिच्याच हातानं ठेवलेले आठ शेंगदाणे बघितले आणि एकेक करून चावून खाल्ले.

उत्तर संपलं.

चौकशी झाली तेव्हा आई तिथंच उभी होती, आणि तिला यात चौकशी करण्यासारखं काही दिसत नव्हतं. डबे दुसऱ्याच्या घरचे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देतात का कुणी? आमच्याकडे कुणाची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालून जाते. मी सकाळी सात डब्यांत काहीबाही भरून ठेवलेलं आईनं बघितलं होतं, शेवटचे पाच रिकामे बघितले, आणि ही पोरगी शिकून शहाणी झाली तरी रीत शिकली नाही असं म्हणून तिनंच ते काम उरकून टाकलं होतं. साखरेच्या डब्यात खडखडाट झाला म्हणून पुढे गूळ, आणि गूळही बाजूला ठेवावासा वाटला म्हणून तांदूळ. बाराव्यात काय होतं विचारलं, तर वहिनी म्हणाली, "लवंग हुती. ती बाजूला काढून ठेवली आणि मग शेंगदाणे घातले. उत्तर ठेवायच्या जागी आधीचं असतं ते जातंयच की."

मी कपाळाला हात लावून बसले. सगळा खेळ फुकट गेला म्हणून आईवर तोंड टाकलं. आई म्हणाली, "तुमच्या मशीनला कुणी चांगल्या घरचं वळण लावलं न्हाय, त्याला मी काय करू?" आणि आत गेली. अण्णांनी पाटीवर तेरा लिहून ठेवले होते आणि तेरावा डबा कुठं आहे म्हणून ते आजूबाजूला बघत होते.

वहिनी मात्र बसून होती. तोंडातले कच्चे तांदूळ चघळत ती डब्यांकडे बघत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "खऱ्या मशीनमध्ये पुढले डबे रिकामे असत्यात?"

मी सांगायला लागले. खऱ्या मेमरीत रिकामं असं काही नसतंच. प्रत्येक घरात कुठला तरी आकडा असतो. आधीच्या कुणाच्या प्रोग्रॅममधला उरलेला, किंवा वीज सुरू होताना आपोआप येऊन बसलेला. आणि ही आज्ञा आहे का नुसता आकडा आहे का कचरा आहे, हे प्रोसेसरला बघून कळत नाही. त्याला पाटीवरचा नंबर कळतो. त्या घरात जे असेल त्याला तो आज्ञा समजतो आणि पाळतो.

"म्हंजे कुणीतरी थांब म्हटलं न्हाय, तर त्यो करतच ऱ्हातोय," वहिनी म्हणाली. "आणि करता करता आपण केलेलं आपणच खातोय."

हे तिच्या शब्दांत होतं. मला इतका आनंद झाला, की मी उठून तिला मिठी मारली. तिनं मला ढकललं, कारण तिचे हात गुळानं चिकट झाले होते आणि माझी साडी कॉलेजची होती.

त्यानंतर तिची गाडी सुटली. मला फक्त मागून पळायचं होतं. पुढच्या रविवारी आम्ही उडी मारायची आज्ञा घेतली. कॅल्क्युलेटरवर आपण एक बटण दाबतो, मग पुढचं कुठलं दाबायचं म्हणून डोकं खाजवतो. तेवढ्या वेळात प्रोसेसर काय करतो? 'बटण दाबलं का? नाही. परत मागे जा. बटण दाबलं का? नाही. परत मागे जा.' आपण एकदा डोकं खाजवेपर्यंत त्याचे हजारो फेरे होतात. यासाठी तिसऱ्या डब्यात चिठ्ठी होती, की एक नंबरला परत जा. इथं अण्णा अडून बसले.

"मधनंच गाडी माघारी फिरत न्हाय. शेवटच्या थांब्यापतोर जाणार, मगच."

मी समजावलं, वहिनीनं समजावलं. अण्णा म्हणाले, तीस वर्षांत मी असलं केलं न्हाय, आता तुमच्या मशीनपायी करू काय? शेवटी वहिनी म्हणाली, "मामंजी, पुढं रस्ता खणलाय. पोलिसांनी गाडी वळवलीया." अण्णांनी लगेच पाटी पुसली आणि एक लिहिला. सरकारी हुकूम असेल तर त्यांची कशालाच हरकत नसते. त्या दिवशी कॅल्क्युलेटरचं बटण म्हणून दारावरच्या घंटीचं बटण धरलं होतं, आणि ते दाबायला कुणीच आलं नाही म्हणून वहिनीनं तीन डब्यांभोवती बावीस फेऱ्या मारल्या. तेविसाव्या फेरीला तिनंच घामाघूम होऊन बटण दाबलं, प्रोसेसरला तसा अधिकार नसताना.

काकूंचे डबे महिनाभरानं परत गेले. दोन डब्यांना पोचे आले होते. प्रत्येकात साखर होती.

लेखी पेपर बरा गेला. खरी भीती प्रॅक्टिकलची होती. दोन्ही वेळा ती तिथंच गळपटली होती. परीक्षेचं केंद्र शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजात होतं. मी स्कूटरवरून तिला सोडलं आणि फाटकाबाहेर उभी राहिले. मी स्वतः कितीतरी पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत, रडलेली पोरं बघून 'पाणी पी' म्हटलं आहे आणि पुढच्याला बोलावलं आहे. त्या दिवशी फाटकाबाहेर मी घेतलेला चहा तसाच गार झाला. नापास झाली तर मी घरी कुठल्या तोंडानं राहायचं, हा विचार डोक्यातून जाईना. चहावाल्यानं मला दोनदा विचारलं, की अक्का, पोरगी आत हाय काय? मी दोनदा होय म्हटलं.

दोन तासांनी वहिनी बाहेर आली, स्कूटरवर मागं बसली. पहिल्या चौकात बोलायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही.

बाहेरून आलेले परीक्षक कन्नड बोलणारे होते. तिला किट मिळालं. कॅल्क्युलेटरसारखीच बटणं आणि लाल आकडे दाखवणारी पट्टी असलेला जुना बोर्ड. तिनं प्रोग्रॅम टाकला, चालवला, उत्तर बरोबर आलं. मग सरांनी तिच्यासमोर शेवटचं घर उघडलं, तिथला थांबण्याचा आकडा पुसून दुसराच काहीतरी टाकला आणि विचारलं, आता चालवलं तर काय होईल? तिच्या आधीच्या सगळ्या पोरांनी सांगितलं होतं, की प्रोग्रॅम चालणार नाही, एरर येईल.

"मी म्हटलं, चालंल की सर. उत्तरबी बरोबर येईल. पण थांबणार न्हाय. मुंदिन डब्बी उघडंल."

मुंदिन म्हणजे कानडीत पुढची. डब्बी हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि आता मार्क गेले असं तिला वाटलं. पण कन्नडमध्येही डबी म्हणजे डबीच. सरांनी चष्मा वर केला. कुठली डबी? आता माघार नव्हती. वहिनीनं सगळं सांगितलं. पुढची डबी रिकामी नसते, कुणी ना कुणी तिच्यात काहीतरी घातलेलं असतं, मशीनला ते चांगलं का वाईट कळत नाही, ते खात सुटतं, आणि खाता खाता उत्तरापर्यंत पोचलं तर उत्तरही खातं.

"सर म्हणाले, खातंय? मी म्हटलं, तिंतैति सर, खातंयच. हसले की गं! मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलवून म्हणाले, ह्या पोरीचं ऐका."

नऊ वर्षांनंतर तिला कुणीतरी पोरगी म्हटलं होतं, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

निकाल महिन्याभरानं फोनवर आला. वहिनी मागच्या परड्यात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मीच आधी बघितला, धावत गेले आणि फोन तिच्यापुढे धरला. पास. लेखी परीक्षेत मध्यम मार्क, प्रॅक्टिकलला भरपूर. अण्णा लगेच चप्पल घालून तोंड गोड करायला कुंदा आणायला बाहेर पडले. आई देवापुढे गेली. दादाला फौंड्रीत फोन लावला तर आवाजात ऐकू जाईना, म्हणून मी तिथूनच ओरडून सांगितलं आणि शेजारच्या काकूंना आधी कळलं.

वहिनी शेंगा सोलतच होती. मला वाटलं, तिला समजलं नाही. मी तिच्याजवळ बसले.

"पास झालीस की गं."

"बघितलं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि फोन घेऊन पुन्हा एकदा नीट बघितला.

"दीड महिना," ती म्हणाली. "त्यातबी सगळे दिवस न्हाय. रोजचे दोन तास, आणि रविवार. एवढंच लागत हुतं व्हय गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, पेपरात एखादं गणित चुकून फारच सोपं निघालं की पोरं विचारतात तसं. मी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. तिचं लग्न झालं त्या वर्षी मी इंजिनिअरिंगला गेले. सकाळी सातच्या बसला डबा तिनं दिला, परीक्षेच्या दिवसांत माझ्या वाटणीचं शेणघाण तिनं काढलं, मी पहिली आले तेव्हा गल्लीत पेढे तिनं वाटले. मग मी तोच विषय शिकवायला लागले आणि पाच वर्षं रोज संध्याकाळी त्याच घरात, तिनं वाढलेल्या ताटावर बसून, आज पोरांना काय काय येत नव्हतं ते तिला सांगत राहिले. ती ऐकून घ्यायची, हसायची आणि आणखी भाजी वाढायची. तिचा राहिलेला पेपर कुठला, हे मला माहीत होतं. रोजचे दोन तास माझ्यापाशी होते. मला कुणी अडवलं नव्हतं.